जुना पार्ट ग्राहकास परत

मुलुंड
शनिवार, १३ जानेवारी २०२४

सेराफिना,

उद्या आईला भेटून झालं की गाडी गल्लीच्या तोंडाशी क्रुसापाशीच ठेवून मी मेट्रोने परत जाईन. किल्ली आणि हे पत्र घरातल्या देवाच्या आल्ताराखालच्या फळीवर ठेवतो. तोंडी सांगितलं असतं, पण आपण दोघं बोलायला लागलो की आवाज चढतो आणि आवाज चढला की आई थरथरते. जे काय असेल ते लिहायचं, हे तू ठरवलंस ते बरं केलंस.

सोमवारी सकाळी साकीनाक्याच्या वर्कशॉपचा ड्रायव्हर गाडी न्यायला येईल. मुलुंडच्या शोरूमने हात वर केले. हे मॉडेल कंपनीने कधीच बंद केलं, पार्ट फक्त साकीनाक्याला मागवता येतात असं म्हणाले. मला आठवड्यात सुटी नाही. तू घरीच असतेस.

काम किरकोळ आहे. डाव्या आरशाची काच तडकली आहे. मागच्या दाराचं रबर सुटलं आहे. बॉनेटचं लॉक अडकतं. नंबरप्लेटचा दिवा गेला आहे. तिथे नितेश नावाचा ॲडव्हायझर आहे, तो जॉब कार्ड भरेल. तो आणखी दहा गोष्टी सुचवेल. नाही म्हण.

हॉर्नला हात लावू देऊ नकोस. दोनातला एक कधीच बंद पडलाय आणि उरलेला घोगरा वाजतो, पण आई त्यावरच उठते. तिची नजर गेली, माणसांची नावं गेली, तेवढा आवाज राहिलाय. क्रुसापाशी दोनदा वाजवला की मी गल्लीतून चालत येईपर्यंत ती ओटीवर उभी असते.

जुने पार्ट परत माग. पप्पा नेहमी मागायचे. मागितले नाहीत तर ते काही न बदलता बदललं म्हणतात, असं त्यांचं म्हणणं होतं. खोका डिकीत ठेवायला सांग.

मागच्या रविवारी आई तुझ्याबद्दल म्हणाली, "ती बाई माझ्या पेजेत काहीतरी कालवते," आणि मी हसलो. तू दारात उभी होतीस हे मला नंतर कळलं. मनावर घेऊ नकोस. तू आठवडाभर तिच्याजवळ असतेस, तिला दुसरं कोण सापडणार?

ह्युबर्ट


कोंडिविटे
बुधवार, १७ जानेवारी

ह्युबर्ट,

गाडी वर्कशॉपमध्ये पोचली. मी घरीच असते, म्हणून शेजारच्या सेलिनाला दोन तास आईपाशी बसवून ड्रायव्हरबरोबर गेले. पुढच्या सीटवर बसले. पप्पांच्या मयतानंतर पहिल्यांदाच.

तिथे एक काचेची खोली आहे. आत गार हवा आणि पलीकडे वर उचललेल्या गाड्या. कुणीतरी चहा आणून दिला आणि मी तो गरम असताना प्यायले. मग नितेश आला. तुझ्या मुलाएवढाच, यज्ञेशएवढाच असेल. समोर बसून जॉब कार्डावर पेन टेकवून म्हणाला, "बोला मॅडम, तुमची काय तक्रार आहे?"

मला उत्तर सुचेना. मग मी तुझी यादी वाचून दाखवली.

त्याने प्रत्येक गोष्ट गाडीपाशी जाऊन तपासली. आरशाची काच भिवंडीच्या गोदामातून यायची आहे. आठ-दहा दिवस लागतील. बाकीचं त्यांच्याकडे आहे. जुने पार्ट परत हवेत का, हे त्याने स्वतःच विचारलं. त्यासाठी कार्डावर वेगळा चौकोन असतो. तिथे मी सही केली.

परत आले तेव्हा आई ओली होती. चादर ओढताना तिने माझ्या मनगटाला चावलं. तिला वाटलं, मी चादर चोरतेय. सेलिना घाबरली. मी तिला म्हटलं, माझा भाऊ म्हणतो हे विनोदी आहे.

येत्या रविवारी गाडी नसेल. येणार असलास तर चालत ये.

सेराफिना


मुलुंड
सोमवार, २२ जानेवारी

सेराफिना,

कालचं मी अजून नादियाला सांगितलेलं नाही.

मी ओटीवर चढलो तेव्हा आई आत खाटेवर होती. उठली नाही. मी हाक मारली. जवळ जाऊन तिचा हात हातात घेतला. तिने माझा पंजा चाचपला आणि विचारलं, "कोण रे तू? गॅसवाला?" मी नाव सांगितलं. ती म्हणाली, ह्युबर्ट आला की गाडी वाजवतो. तुझी गाडी कुठे आहे?

मी तासभर बसलो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तू स्वयंपाकघरात होतीस. तू एकदाही बाहेर येऊन सांगितलं नाहीस की आई, हा ह्युबर्टच आहे. सांगायला काय झालं होतं?

तुझं वेगळं आहे. तू रोज हेच ऐकतेस, तुला सवय झाली आहे. मला नाही आणि मला ती करून घ्यायची नाही. त्या नितेशला रोज फोन कर. भिवंडी काही लंडनमध्ये नाही. शनिवारपर्यंत गाडी हातात पाहिजे.

ह्युबर्ट


कोंडिविटे
शनिवार, २७ जानेवारी

ह्युबर्ट,

गाडी आली. आरसा, रबर, लॉक, दिवा, सगळं झालं. त्यांनी आतून-बाहेरून धुऊन दिली आहे. जुन्या पार्टचा खोका डिकीत आहे.

मी सांगितलं असतं तरी आईने माझं ऐकलं असतं का? मी तिची मुलगी आहे हेही मी तिला सांगून पाहिलेलं आहे. तुझं तासभर तसं झालं, माझं दोन वर्षं होतंय.

सवयीचं तू लिहिलंस ते मी पुन्हा वाचलं. बरं झालं लिहिलंस.

किल्ली आल्ताराखाली आहे. उद्या मी चर्चमध्ये मिसाला जाते आहे, तू येशील तेव्हा घरी नसेन. सेलिना दार उघडेल. गाडी घेऊन एक फेरी मार, मग क्रुसापाशी येऊन हॉर्न वाजव.

सेराफिना


मुलुंड
सोमवार, २९ जानेवारी

सेराफिना,

त्यांनी हॉर्न बदललाय.

मी क्रुसापाशी येऊन दाबला आणि माझाच हात मागे आला. नवा, गोड, दोन सुरांचा. बेकरीच्या दारातली माणसं वळून पाहायला लागली. मी चार वेळा दाबला. ओटीवर कुणी नव्हतं.

आत गेलो. माझ्या हातांना रबराचा आणि पॉलिशचा वास येत होता. तिने तो हुंगला आणि मला काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. म्हणाली, "गाडी झाली का? मग माझ्या पोराला कळवा. तो येईल न्यायला." वर म्हणाली, चहा घ्या. ती मला अहो-जाहो करत होती, सेराफिना.

मी खोका उघडून पाहिला. काच आहे, रबर आहे, लॉक आहे, बल्ब आहे. हॉर्न नाही. बिलात पाचव्या ओळीवर आहे. म्हणजे परस्पर घातला आणि जुना भंगारात टाकला. तुझा दोष नाही. तुला गाडीतलं कळत नाही हे त्यांनी बघितलं असणार आणि तुझ्यासमोर कागद सरकवला असणार. तू वाचलं नसशील. मीच यायला हवं होतं.

संध्याकाळी त्यांच्या कंपनीतून फोन आला की दहापैकी किती गुण देता. मी शून्य दिलं आणि नितेशचं नाव सांगितलं. लेखी तक्रारही केली आहे. तो हॉर्न ते मला शोधून देतील, नाहीतर त्या मुलाला मी तिथे राहू देणार नाही.

ह्युबर्ट


साकीनाका
सोमवार, ५ फेब्रुवारी २०२४

श्री. ह्युबर्ट यांना,

तुमच्या तक्रारीवर मॅनेजरसाहेबांनी मला खुलासा करायला सांगितला आहे. तो खालीलप्रमाणे.

आपल्या गाडीच्या जॉब कार्डावर पाच कामं आहेत. पहिली चार आपल्या भगिनींनी चिठ्ठीवरून वाचली. पाचवं त्यांनी स्वतः सांगितलं. मी हॉर्न वाजवून पाहिला आणि त्यांना म्हटलं की एकच वाजत असला तरी चालू आहे, लगेच बदलायची गरज नाही. त्या म्हणाल्या, बदला. कार्डावर "जुना हॉर्न आजच, वेगळा द्यावा" असं त्यांच्याच हस्ताक्षरात आहे. त्याप्रमाणे तो त्याच दिवशी, १५ जानेवारीला, कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. "जुना पार्ट ग्राहकास परत" या शिक्क्यापुढे त्यांची सही आहे. प्रत सोबत जोडली आहे.

त्यांनी तो वाजवून दाखवायला सांगितलं, म्हणून मी टेबलावर एका सुट्या बॅटरीला दोन वायरी लावून दाखवला. त्यांनी कुठली वायर कुठे लावायची ते कागदावर लिहून घेतलं.

आपण शून्य गुण दिल्यामुळे मला काउंटरवरून काढून धुलाई विभागात पाठवलं आहे. हा खुलासा मान्य असल्यास कृपया कंपनीला तसं कळवावं. आपल्या भगिनी मला चिडलेल्या वाटल्या नव्हत्या. जाताना त्यांनी माझे आभार मानले.

आपला
नितेश


मुलुंड
मंगळवार, ६ फेब्रुवारी

सेराफिना,

सही तुझी आहे.

हॉर्न कुठे आहे?

ह्युबर्ट


कोंडिविटे
राखेचा बुधवार, १४ फेब्रुवारी

ह्युबर्ट,

माझ्याकडे आहे.

नितेशने विचारलं तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, असं मी तुला लिहिलं होतं. सुचलं होतं.

सुरुवातीला मनात एवढंच होतं की एक रविवार तिने तुला ओळखू नये. अनोळखी होऊन तिच्यापुढे उभं राहावं लागतं म्हणजे काय, ते तुला कळावं. हॉर्न मागितला तेव्हा आरशाला दहा दिवस लागतील हे माहीत नव्हतं; तो रविवार झाला की हॉर्न पुन्हा बसवून घेणार होते. वायरी कशा लावायच्या ते त्यासाठीच लिहून घेतलं होतं. मग एकवीस तारखेला तू आलास. मी स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हा घरी जाऊन लिहील की सेराफिना, तुझं रोज असं होतं, मला माहीत नव्हतं. तू लिहिलंस, तुला सवय झाली आहे. ते पत्र वाचलं आणि मी हॉर्न डॅरिलकडे नेला.

डॅरिल लग्नांची लाइटिंग करतो. त्याने तो एका लहान बॅटरीला जोडला आणि दाबायला बटण बसवून दिलं. मासळीच्या पिशवीत सगळं मावतं. रोज साडेअकराला मी क्रुसापाशी जाते, पिशवीत हात घालून दोनदा दाबते आणि गल्लीतून चालत परत येते.

पहिल्या दिवशी आई खांबाला धरून ओटीवर उभी होती. तिने माझं तोंड दोन्ही हातांत घेतलं. हात कानांवरून फिरले, कुड्यांवरून फिरले, अंबाड्यापर्यंत गेले. म्हणाली, "ह्युबर्ट, वाळलास रे." मी हो म्हटलं. माझा आवाज, माझे केस, माझा झगा, कशानेच काही बिघडलं नाही. हॉर्न वाजल्यावर जो आत येतो तो तू.

ती माझ्या हातून जेवते. बांगड्याचे काटे काढून दिले की पूर्ण बांगडा खाते. दोन वर्षं मी हेच हात तिच्या तोंडाजवळ नेत होते आणि ती थुंकत होती.

जेवून झालं की ती माझा हात धरते आणि बोलते. त्या बाईबद्दल बोलते. बाई झोपेतून उठवते. अंगावर पाणी ओतते. बाईचे हात खरखरीत आहेत. पप्पांनी दिलेली पोवळ्याची माळ तिने चोरली. ती माळ तुझ्या बायकोच्या, नादियाच्या गळ्यात आहे, पण मी काही बोलले नाही. सगळं ऐकून घेतलं, हो म्हटलं. माझी समजूत होती की तूही तेवढंच म्हणत असशील.

तसं नव्हतं. शुक्रवारी ती चिडली. म्हणाली, तू मला शब्द दिला होतास. ख्रिसमस झाला की तिला काढतो आणि चांगली बाई आणतो, असं म्हणाला होतास. तुझ्या बापाची शपथ घेतली होतीस. तू दर रविवारी काय सांगतोस ते तिने मला एकेक करून ऐकवलं. तिला आपल्या घरातली माणसं आठवत नाहीत, पण तुझं बोलणं तिने पाठ केलं आहे. "ती बाई आळशी आहे, मी तिच्यावर लक्ष ठेवून आहे. तिला जायला दुसरं ठिकाण नाही, म्हणून ठेवली आहे."

काल पुन्हा विचारलं. "काढलीस का तिला?"

मी म्हटलं, "काढली."

आई हसली. तिच्या तोंडात पाच दात आहेत, ते रोज मी घासते. हसताना ते असे दिसतात हे मला माहीत नव्हतं.

आता घरात बाई नाही. ह्युबर्ट रोज येतो. तू यायची गरज नाही.

सेराफिना


मुलुंड
शनिवार, २४ फेब्रुवारी

सेराफिना,

मी दहा दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं ते फाडलं.

मी साकीनाक्याला गेलो होतो. तसाच हॉर्न मिळेल का विचारलं. ते म्हणाले, नवा हवा तर आहे, तुमचा होता तसा कुठून आणणार? मग कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे गेलो. एकाने आपल्या मॉडेलचे सगळे हॉर्न बॅटरीला लावून वाजवून दाखवले. वीसेक असतील. मी डोळे मिटून ऐकले. एकही तसा नव्हता. दोन विकत घेतले तरी. मागच्या रविवारी क्रुसापाशी उभा राहून दोन्ही वाजवले. तू ऐकलं असशील. ती आली नाही.

मी जे तिला म्हणायचो ते तिचं मन राखायला म्हणायचो. तासाभराकरता जातो, ती रडते, काहीतरी बोलावं लागतं. शपथ घेतली हे खरं आहे. ते तुझ्यापर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं. आता वाचताना मलाच वाटतं की तसं वाटलं नव्हतं म्हणूनच मी बोलत होतो.

तू तिचं सगळं केलंस. मी कधी तसं म्हटलं नाही. आज म्हणतो. उशीर झालाय हे मला कळतं.

माळ सोबत पाठवतो आहे.

मला एक रविवार दे. गाडी आणणार नाही. तिने मला ह्युबर्ट म्हटलं नाही तरी चालेल. तू म्हणशील त्या दाराने येईन, तू म्हणशील तेवढा वेळ थांबेन. तिला हात लावू दे.

ह्युबर्ट


कोंडिविटे
बुधवार, २८ फेब्रुवारी

ह्युबर्ट,

माळ मिळाली. ती तिच्या गळ्यात घातली. ह्युबर्टने बाईकडून परत घेतली, असं तिने अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं.

तू मागतोस ते होऊ शकेल. एक अडचण आहे, त्यामुळेच होऊ शकेल.

बाईला काढल्यापासून आई मला धुऊ देत नाही. मुलाने आईला धुवायचं नसतं, म्हणते. पाय जुळवून घट्ट धरते. सोमवारी आणि मंगळवारी ओलीच बसून राहिली. तिच्या पाठीला उजव्या कुशीकडे चट्टा उठला आहे. मला म्हणाली, तू शब्द दिला होतास, नवीन बाई बघ.

मी बघितली.

येत्या रविवारी सकाळी नऊला ये, मागच्या दाराने. अंगठी काढून ठेव, ती बोटं चाचपते. बोलू नकोस. आवाज पुरुषाचा आहे की बाईचा, हे आता तिला कळत नाही, पण बोलणारी बाई तिला चालत नाही. पाणी कोमट घे, आधी हातावर ओतून बघ. तिला डाव्या कुशीवर वळव, उजव्या कुशीला चट्टा आहे. ओली चादर तिच्या अंगाखालून काढताना ती तुला चोर म्हणेल. म्हणू दे. ती चावते. चावली तर मनगट झटकू नकोस, तिचे दात हलतात.

तिला हात लावायचा होता, तो लागेल.

सव्वाअकराच्या आत सगळं आटप. चादरी पिळून मागे वाळत घाल आणि बाहेर पड. साडेअकराला क्रुसापाशी दोनदा हॉर्न वाजेल. ती उठेल आणि ओटीवर जाईल. त्या वेळी बाई घरात असलेली तिला खपत नाही. तिचा मुलगा येतो.

सेराफिना